डाव्या चाकाचा नट

ती पाईपवर उभी होती. एक हात जीपच्या पुढच्या दांड्याला, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या आवळून धरलेल्या. मी खाली बसून पाना नटावर दाबून धरला होता, निसटू नये म्हणून. म्हणलं, दे आता जोर. तिनं दिला. पाईप लवला, कुठंतरी कर्र वाजलं, आन् ती वरूनच म्हणली, "हललं बघा."

मी म्हणलं, न्हाई हललं. पाना सरकला आसंल.

"हललं म्हणते ना. माझ्या पायाला कळलं."

"तुझ्या पायाला काय कळतंय? उतर खाली."

आमचं दोघांचं शेवटचं काम हे. पोरगा म्हणतो, दादा, तुमी तेच तेच सांगून राहिले, ऐकणारा बेजार होतो. म्हणून एकदा लिहूनच काढतो. शाळेत मी फार गेलो न्हाई. पाट्या वाचता येतात, हिशोब जमतो, लिहायला हात जड आहे. चुकलं तर चुकलं.

आमचं गाव औशाच्या अलीकडं. मी औसा-लातूर जीप चालवली, शिटा भरून. धंद्याची गाडी होती तवर ती कधी पुढं बसली न्हाई. पुढं ड्रायव्हर सोडून तिघं बसायचे, तिथं बायकोला बसवून कसं चालंल? परमिट संपलं, गुडघे गेले, गाडी अंगणात लागली. मग ती पुढच्या डाव्या सीटवर बसली, आन् मग ती सीट तिचीच झाली. रानात जायचं तरी तिथंच. पोरगा आला तर त्याला मागं बसवायची. तो लातूरला हापिसात आहे, चांगला पगार आहे, पण आमच्या गाडीत त्याला जागा मागंच.

तिचं माहेर किनवटकडं, जंगलात. तिच्या भावानं नवं घर बांधलं होतं. तिला ते बघायचं होतं, आन् रेल्वेनं न्हाई, आपल्या गाडीनं जायचं होतं. मी म्हणलं, मागच्या डाव्या चाकातून तेल गळून राहिलं. ते तेल ब्रेकवर जातं, ब्रेक धरत न्हाई. आतलं सील बदलल्याबिगर एवढ्या लांब जाता येणार न्हाई. तर म्हणली, बदला मग. हातं कशाला दिलेत?

सील आम्ही लातूरहून आणलं. नवं आहे का जुनं घासून ठेवलंय, हे तिनं दुकानदाराला तीनदा विचारलं. तो मला म्हणला, काका, काकू आधी गॅरेजात होत्या का? ती म्हणली, गॅरेजच आमच्या अंगणात आहे.

पण सील घालायचं तर चाकाच्या मधला मोठा नट काढावा लागतो. वर वाटीसारखं झाकण असतं, ते काढलं की आत एक्सलच्या टोकाला हा नट. त्याला वेगळा बॉक्स पाना लागतो, मोठ्या तोंडाचा. दुसरा कुठलाच पाना त्याला बसत न्हाई. माझ्याकडं होता. कुणाला तरी दिला आन् तो गेला तो गेला. कुणाला दिला ते आठवत न्हाई. औशाच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणला त्याचा पाना लातूरला गेलाय, बाजार झाल्यावर बघू. बाजार झाला, दुसरा झाला. मग मी छन्नी काढली. नटाच्या कोपऱ्याला छन्नी लावायची आन् हातोडीनं ठोकायचं. लई लोक तसंच करतात, नट फुकट जातो पण निघतो.

तिनं छन्नी काढून घेतली. म्हणली, नट फुटला तर नवा कुठं मिळंल, तुमच्या गाडीच्या वयाचं औशात आता कुणी उरलं न्हाई. आन् रानातून बोरचा पाना घेऊन आली, डोक्यावर ठेवून. बोरमधली मोटार वर काढताना पाईप धरायला लागतो तो, दातांचा, जड. आमच्याकडं ज्याच्या त्याच्या रानात बोर, म्हणून ज्याच्या त्याच्या घरी तो पाना. नटाचा असतो तो पाना नव्हं, पण चावा चांगला घेतो. त्याच्या दांड्यावर बोरच्याच पाईपचा तुकडा चढवला लांबी वाढवायला. मी एकट्यानं वढून बघितलं. काहीच न्हाई. मग ती म्हणली मी उभी राहते.

मी म्हणलं, पडशील.

म्हणली, "लग्नाच्या वेळी तुमची आई म्हणली होती, पोरगी जाड आहे. आज त्या वजनाचं काम निघालं, तर तेबी नगं म्हणता."

चढायच्या आधी तिनं एक काम केलं. तिला पान-तंबाखूची सवय होती, चुन्याची डबी कमरेच्या चंचीत कायम. बोटाला चुना घेतला आन् नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ वढली. पांढरी, सरळ. म्हणली, नट हलला तर रेघ तुटंल. तुमचं माझं भांडण नगं. घागरीला, पिशवीला, समद्याला ती चुन्याचीच खूण करायची, म्हणजे शेजारणीशी वाद होत न्हाई म्हणायची.

तर ती चढली, कर्र वाजलं, ती म्हणली हललं, मी म्हणलं न्हाई. उतरली. म्हणली, रेघ बघा ना. मी वाकून बघितलं तर मला जवळचं काही दिसत न्हाई, नुसतं पांढरं. चष्मा घरात होता. तिचे डोळे चांगले होते, पण ती काही सांगंना. म्हणली मी सांगितलं तर तुमी न्हाईच म्हणणार, तुमच्याच डोळ्यानं बघा. चहा ठेवते आन् चष्मा आणते. तवर त्याला डिझेल पाजा.

मी नटावर डिझेल सोडलं. मुरायला वेळ लागतो. बसून राहिलो. मग हाक मारली, चष्मा कुठाय. परत मारली. वैतागलो. आत दूध करपल्याचा वास आला तवा उठलो.

चहा उतू गेला होता, गॅस चालूच होता. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, दमल्यावर बसते तशी. चष्मा ओट्यावर काढून ठेवला होता, दोन कपाच्या शेजारी. मी आधी गॅस बंद केला. का आधी गॅस बंद केला, कळत न्हाई. मग तिला म्हणलं, अगं.

शेजाऱ्याच्या गाडीनं औशाला नेलं. डॉक्टरानं बघितलं आन् पोराला फोन करा म्हणला.

त्याच्यापुढचं मला सरळ सांगता येत न्हाई. लोक येत होते. कुणी मला खुर्चीत बसवत होतं, कुणी खाली बसवत होतं. पोरगा आला, माझ्या गळ्यात पडला, आन् मी त्याला विचारलं जेवलास का. तिचा भाऊ किनवटहून निघाला होता, रेल्वेनं नांदेड, तिथून बस. तो आल्याशिवाय उचलायचं न्हाई असं ठरलं. तो सकाळी आला. तिला अंगणात आंघोळ घातली, जीपच्या बाजूलाच, कारण जागा तेवढीच. मी बघत होतो ते जीपच्या चाकाकडं. मला वाटत होतं मधून कुणीतरी जरा सरकावं म्हणजे चष्मा लावून रेघ बघता येईल. असं त्या वेळी मनात येतं का कुणाच्या? माझ्या आलं. तिला घेऊन निघालो तवाबी मी मागं वळून चाकाकडंच बघितलं. लोकाला वाटलं घराकडं बघतोय.

मसणवट्यातून आलो तर घर धुतलेलं. मयत बाहेर गेली की बाया घर धुतात, अंगण धुतात, समदं. ही रीतच आहे. तिनंबी किती जणांच्या घरचं धुतलं आसंल. जीप अंगणातच होती, तर बायांनी जीपबी धुतली, चाकंबी. मी चष्मा लावला आन् जाऊन बसलो चाकापाशी. रेघ न्हाई. नटाच्या खाली एक पांढरा ओघळ, बस.

मी म्हणलं, हे चाक कुणी धुतलं?

एक बाई म्हणली, मामा, मी धुतलं, काय झालं? तिच्यावर काय रागवायचं? म्हणलं, काही न्हाई, चांगलं धुतलं. पोरगा आला. म्हणला, दादा, काय होतं तिथं? मी म्हणलं, रेघ होती. कसली रेघ? तुझ्या आईनं वढलेली. त्यानं मला दंडाला धरून उठवलं आन् आत नेलं. पाणी दिलं. त्याला वाटलं मला चढलंय काहीतरी डोक्यात.

मग बसल्या बसल्या दुसरंच मनात आलं. डिझेल तर मीच सोडलं होतं नटावर, ती आत गेल्यावर. डिझेलनं चुना जातो का? गेला आसंल तर बायांच्या आधी मीच धुतली रेघ. पोराला विचारलं, डिझेलनं चुना जातो का रे. तो रडायला लागला. मला कळंना, विचारलं काय आन् हा रडतो कशाला.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी मडक्यात घातल्या, फडकं बांधलं, आन् मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलं. घरात आणत न्हाईत. लिंब जीपच्या वरच आहे. म्हणजे मडकं जीपच्या टपावर लोंबत होतं.

पोरगा म्हणला, उद्या सकाळी नांदेडला जायचं, गोदावरीत सोडायला. भाड्याची गाडी सांगितलीय, एसी आहे, तुम्हाला त्रास होणार न्हाई.

मी म्हणलं, आपल्या गाडीत न्यायचं तिला.

"दादा, त्या गाडीला धड चाक न्हाई."

"चाक करतो मी."

"आता? सुतकात?"

मी म्हणलं, मग कवा? तिला त्याच रस्त्यानं जायचं होतं. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. माहेरची वाट तीच. किनवट राहिलं तर राहिलं, निदान नांदेडपर्यंत तरी तिच्या सीटवर बसून जाऊ दे. त्या परक्या गाडीत तिला कुठं बसवणार, डिकीत?

पोरगा चाकाकडं बघून आला. म्हणला, आज दिवस मावळायच्या आत झालं तर झालं. न्हाईतर सकाळी ती गाडी येणार, आन् तुमी काही बोलायचं न्हाई. मी म्हणलं, कबूल.

तर आता नट काढायचा होता. पाना तिथंच पडला होता, पाईपबी तिथंच. कुणी हलवलं न्हाई. पाना हातात घेतला, नटापाशी बसलो, आन् मला आठवंना की नट फिरवायचा कुणीकडं. मी उभं आयुष्य नट खोलले. रस्त्यात, अंधारात, पावसात, तोंडात बॅटरी धरून. आन् आता कळंना डावीकडं का उजवीकडं. उलटं केलं तर आणखी आवळंल. कुणाला विचारू? पोराला विचारलं तर तो म्हणंल चला दादा, राहू द्या.

तिचा भाऊ शेजारी येऊन बसला. तो मला दाजी म्हणतो, तिला अक्का म्हणायचा. शांत माणूस. मी त्याला म्हणलं, बस जरा, मी आठवून राहिलो. तो बसला.

मग मी नट आठवायचं सोडलं आन् ती कुठं उभी होती ते आठवलं. तिचा हात दांड्याला होता. कुठला दांडा? पुढच्या सीटचा. तिच्याच सीटचा. म्हणजे पाईप गाडीच्या तोंडाकडं होता, आन् ती खाली दाबत होती. मागच्या बाजूला असती तर हात टपाच्या नळीला गेला असता. न्हाई, पुढंच होती. साडीचा काठ पायदानाला घासत होता, मी म्हणलंबी होतं, काठ काळा होईल. तसाच पाना लावला. पाईप घातला, तोंड पुढं करून.

मेव्हणा उठला. म्हणला, "दाजी, मी उभा राहतो पाईपवर. माझं वजन अक्कापेक्षा जास्तच आहे."

मला ते नगं होतं. पण दुसरा इलाज नव्हता. एकट्यानं पाना धरायचा आन् पाईपवरबी उभं राहायचं, हे होत न्हाई. म्हणलं, थांब, आधी दात नीट बसू दे. पाना नटावर दाबला आन् दुसऱ्या हातानं पाईप जरासा वढला, चावा बसला का बघायला.

नट फिरला.

जोर न्हाई, आवाज न्हाई. नळाची चावी फिरावी तसा. मी हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

मेव्हणा म्हणला, "मी अजून चढलोच न्हाई, दाजी."

आम्ही दोघं त्या नटाकडं बघत बसलो. पोरगा आला. म्हणला, निघाला? छान झालं. इतकं सोपं होतं तर एवढं काय चाललं होतं?

मी त्याला सांगितलं, तुझी आई म्हणली होती हललं. मी न्हाई म्हणलं होतं. तो म्हणला, दादा, डिझेल मुरलं आसंल इतक्या दिवसात. गंज सुटला. मी म्हणलं हाव, तसंबी आसंल. मेव्हणा म्हणला, अक्का म्हणली तर हललं आसंल. मला दोघांचंबी पटलं. कर्र वाजलं ते मी स्वतः ऐकलं होतं. पण कर्र पाना सरकला तरी वाजतं. आन् नट तवाच सैल झाला होता, तर मला ठासून का सांगितलं न्हाई? रेघ तुटली, असं का म्हणली न्हाई? चहा ठेवायला का गेली? पायाला कळलं म्हणली. पायाला काय कळतं? का तवाच तिच्या अंगात काही होत होतं आन् तेच तिला पायात हलल्यासारखं वाटलं? मग तर मी तिला वर उभीच करायला नको होती. डॉक्टरला विचारलं होतं, पाईपवर उभी राहिल्यानं असं होतं का. तो म्हणला, काका, तसं काही न्हाई, ते व्हायचंच होतं. डॉक्टर तर असंच म्हणतात.

मेव्हण्याला म्हणलं, तुला काय वाटतं, खरं सांग.

त्यानं पान्याचे दात फडक्यानं पुसले. मग म्हणला, "मला नटातलं काही कळत न्हाई, दाजी. पण तुमी एकदा हाव म्हणलं असतं तर काय गेलं असतं?"

मी पाना परत नटावर लावला.

पुढचं काम झालं. नट थोडा सैल ठेवून गाडी अंगणात मागंपुढं केली, ब्रेक मारला, टक करून चाकाचं मधलं सुटलं. ते सुटायलाबी वेगळं अवजार लागतं, पण ही युक्ती जुन्या ड्रायव्हरला ठाऊक असते. सील शोधायला गेलो तर सापडंना. घरात कुठलीच वस्तू कुठं आहे ते मला माहीत न्हाई. साखर शोधताना तांदूळ सापडतो. शेवटी सील स्वयंपाकघरात दिसलं, चाळणीच्या खिळ्याला टांगलेलं, दोऱ्यानं. माझ्या हातात दिलं तर हरवंल म्हणून ठेवलं आसंल. जुनं काढलं, नवं बसवलं, ब्रेक पुसून घेतले. नट परत चढवला. आवळायला मेव्हणा पाईपवर उभा राहिला, ह्या वेळी पाईप मागच्या बाजूला. आवळण्याचं मला काही वाटलं न्हाई. उभा राहा म्हणलं, राहिला. पिन घातली. दिवस होता अजून. पोरानं त्या भाड्याच्या गाडीवाल्याला फोन करून नगं म्हणून सांगितलं.

रात्री झोप लागली का न्हाई ते सांगता येत न्हाई. सकाळी उठलो, आंघोळ केली. लिंबाचं मडकं पोरानं उतरवलं, माझ्याकडं दिलं. मी ते तिच्या सीटवर ठेवलं, हलू नये म्हणून दोन्ही बाजूनं तिच्याच जुन्या साडीच्या घड्या लावल्या. मेव्हणा आन् पोरगा मागं बसले. पुढं बसा असं मी कुणाला म्हणलं न्हाई, त्यांनीबी विचारलं न्हाई.

गाडी चालू करायच्या आधी उतरलो. घरात जाऊन तिची चंची घेतली. चुना जरा सुकला होता, थेंबभर पाणी घातलं. चाकाचं झाकण मी लावलंच नव्हतं, मुद्दाम. बोटानं नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रेघ वढली. तिची सरळ यायची, माझी वाकडी आली. पुसून परत वढली. पोरगा मागून बघत होता.

लातूर सोडलं आन् रस्ता जरा मोकळा झाला तशी मी गाडी बाजूला घेतली. पोरगा म्हणला, काय झालं दादा, आवाज येऊन राहिला का? मी म्हणलं, न्हाई. खिशातून चष्मा काढला, लावला, उतरून तिच्या बाजूला गेलो आन् चाकापाशी बसून नीट बघितलं. मग उठलो, खिडकीतून आत तोंड घातलं आन् मडक्याला म्हणलं, "हाव, बघितली."